देवमाशांची नावं

तोक्योत आल्यावर चौथ्याच महिन्यात आमच्या टीमचं एक मोठं रिलीज झालं आणि त्या रात्री सगळे ऑफिसजवळच्या इझाकायात गेलो. इझाकाया म्हणजे दारूसोबत लहान लहान बशांमधून खाणं देणारं साधं हॉटेल. टीममधल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाने कौतुकाने एक खास डिश मागवली. बांगड्याच्या कुळातला एक छोटा मासा. त्याचं मांस काढून, पातळ काप करून, ते त्याच्याच सांगाड्यावर पुन्हा रचलेलं. डोकं आणि शेपूट काडीने वर उचललेली. मासा इतका ताजा होता की त्याचं तोंड अजून उघडत-मिटत होतं.

सगळ्यांनी हात जोडले आणि म्हटलं, 'इतादाकिमासु'. मीही म्हटलं. आणि खाल्लं. चव उत्तम होती, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं पश्चात्तापाचं वाटेल.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माळकरी घरातला. माळ आजोबांच्या गळ्यात होती, पण तिचा नियम घराला होता. घरात वशाट शिजत नसे. वडील, काका आणि आम्ही पोरं खायचो, पण ते परसात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. खाल्लं की अंघोळ, मगच माजघरात पाऊल. म्हणजे मांस मला नवं नव्हतं. नवं होतं ते हात जोडून, जेवणाऱ्या जिवाकडे बघून खाणं. आमच्याकडे खाणं हा लपवायचा प्रकार होता. इथे त्याला नमस्कार होता.

दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. 'इतादाकु' म्हणजे नम्रपणे स्वीकारणं. मुळात दिलेली वस्तू डोक्याच्या वर धरून घेणं. 'इतादाकि' म्हणजे माथा, डोंगराचा माथासुद्धा. आपण प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकतो, तशातलाच भाव. तो म्हणाला, आम्हाला शाळेत शिकवतात की तू कुणाचा तरी जीव घेतो आहेस, म्हणून हे म्हण.

मला हे प्रचंड आवडलं. इतकं, की पुढचं वर्षभर मी भेटेल त्याला ते ऐकवत होतो. गावाकडच्या मित्रांना व्हिडिओ कॉलवर, पुण्याच्या जुन्या रूममेटला, एकदा तर विमानात शेजारी बसलेल्या काकूंना. 'बघा, हे लोक मांस खातात, पण कृतज्ञतेने.' माझा रूममेट तसा खवचट. तो म्हणाला, 'छान आहे. अटकपूर्व जामीनच झाला की हा.'

ते वाक्य मनात अडकून राहिलं.

आभार आणि क्षमा मागण्याच्या या सवयीला जपानमध्ये काही सीमाच नाही. तोक्योत उएनो पार्कमध्ये शिनोबाझु नावाचं तळं आहे, त्याच्या मधोमध बेन्तेन-दो नावाचं देऊळ. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती, चीनमार्गे इथे पोचलेली. त्या देवळाच्या आवारात दगडच दगड उभे आहेत. एक फुगु माशांसाठी, एक कासवांसाठी, एक कोंबड्यांसाठी, एक सगळ्या माशांसाठी. एक स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी. एक चक्क चष्म्यांसाठी. त्सुकिजीच्या जुन्या मासळीबाजारालगत नामियोके इनारी नावाचं देऊळ आहे, तिथे कोळंबीचा दगड आहे आणि अंड्यांचाही. उएनोतच कान्एइ-जी या मंदिरात किड्यांचा दगड आहे. मासुयामा सेस्साइ नावाचा एक सरदार किड्यांची अतिशय बारकाईने चित्रं काढत असे. चित्रांसाठी जे किडे मेले, त्यांच्यासाठी त्याच्या इच्छेनुसार 1821 साली हा दगड उभारला. मी बग शोधून मारण्याचा पगार घेतो, त्यामुळे त्या दगडापुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो.

या विधीला 'कुयो' म्हणतात. गेलेल्या जिवाला काहीतरी अर्पण करणं, त्याला शांती लाभो असं म्हणणं. जीव असलाच पाहिजे असंही नाही. 8 फेब्रुवारीला आसाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरात शिवणकाम करणारे लोक वर्षभरात मोडलेल्या सुया घेऊन येतात आणि मऊ तोफूत खोचतात. आयुष्यभर कडक कापडातून गेली, आता जरा मऊ जागी विसाव. हे वाचून मराठी माणसाला खंडेनवमी आठवेल. पण आपण चालू हत्याराला हळद-कुंकू लावतो, मोडलेल्याला नाही. सोनीने 'आयबो' हा यंत्रकुत्रा बनवणं 2006 साली थांबवलं आणि 2014मध्ये त्याची दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी झाले. रांगेत ठेवलेले शेकडो प्लास्टिकचे कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, समोर सूत्रपठण करणारे भिक्षू. मग त्यांचे सुटे भाग दुसऱ्या कुत्र्यांसाठी वापरले. अवयवदानच म्हणायचं. विद्यापीठांत प्रयोगासाठी मारलेल्या उंदीर-सशांसाठी दर वर्षी विधी होतो, त्याला प्राध्यापक आणि विद्यार्थी हजर राहतात. कोयासानच्या डोंगरावर, दोन लाखांहून जास्त समाध्या असलेल्या देवदारांच्या जुन्या जंगलात, वाळवीसाठी एक दगड आहे. तो उभारला आहे वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने.

यातलं काही ऐकून हसू येतं. मलाही आलं. पण हसून झाल्यावर प्रश्न उरतोच. उद्या सकाळी तुम्ही पुन्हा वाळवी मारायला जाणार आहात. मग आज क्षमा कसली मागता? जी गोष्ट थांबवायचा विचारही नाही, तिच्याबद्दलचं दुःख खरं असतं का?

रूममेटचं म्हणणं सरळ होतं: नसतं. चूक असेल तर थांबवा, चूक नसेल तर रडू नका. याला इंजिनियरचा युक्तिवाद म्हणता येईल, बूलियन. मीही बरेच दिवस तसाच विचार करत होतो. मग बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाचा एक जुना निबंध वाचला, 1976चा. त्यात एक ट्रकचालक आहे. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. आपण सगळे त्याला सांगू, बाबा, तुझा दोष नाही. पण त्याने ते लगेच पटवून घेतलं, खांदे उडवले आणि पुढे निघाला, तर आपल्याला तो माणूस विचित्र वाटेल. दोष नसला तरी त्याचं त्या मुलाशी एक नातं तयार झालेलं असतं. ते बघणाऱ्याचं नसतं, फक्त त्याचंच असतं. हिशेब शून्य होत नाही, बाकी उरते.

माझ्या मते कुयो म्हणजे त्या बाकीला दिलेली जागा. 'मी हे करतो, उद्याही करीन, आणि हे फुकट नाही' असं म्हणणं. यात ढोंग आहेच असं नाही. उलट आमच्या परसातल्या चुलीपेक्षा, खाऊन अंघोळ करून काही घडलंच नाही असं माजघरात येण्यापेक्षा, मला हे जास्त प्रामाणिक वाटलं. अजूनही वाटतं. फक्त आता त्याला एक पुस्ती जोडावी लागते, आणि ती जोडायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी यामागुची प्रांतातल्या नागातोला गेलो, मुद्दाम देवमाशांची समाधी बघायला. किनाऱ्यालगतच्या ओमिजिमा बेटावर कायोई नावाची जुनी कोळीवस्ती आहे. घरं एकमेकांना चिकटलेली, गल्ल्या अरुंद, बरीच दारं बंद. एदो काळात इथली माणसं होड्या आणि जाळी घेऊन देवमासे धरत. एक देवमासा मिळाला की आसपासच्या वस्त्यांचं पोट भरे. कधी कधी मारलेल्या मादीच्या पोटात पिल्लू सापडे. त्या न जन्मलेल्या पिल्लांसाठी गावाने 1692 साली एक दगड उभारला. सत्तरहून जास्त गर्भ तिथे पुरलेले आहेत. दगडावर कोरलेल्या मजकुराचा आशय साधारण असा: तुम्हाला सोडून दिलं तरी समुद्रात तुम्ही जगणार नाही, म्हणून इथे माणसांमध्ये राहा आणि माणसांसारखाच मोक्ष मिळवा. इथून जवळच्या सेन्झाकी गावात जन्मलेल्या कानेको मिसुझु या कवयित्रीने (1903–1930) मासेमारीवरच्या एका छोट्या कवितेत किनाऱ्यावरचा आनंद आणि त्याच वेळी पाण्याखाली पाळलं जाणारं सुतक समोरासमोर ठेवलं आहे. जपानी शाळांतली मुलं ती वाचतात. या गावांत वाढलेल्या मुलीला ते सुचणं मला स्वाभाविक वाटलं.

पण मला खरं बघायचं होतं ते दुसरंच. कायोईच्या कोगान-जी मंदिरात देवमाशांची एक नोंदवही आहे. बौद्ध पद्धतीत माणूस गेला की भिक्षू त्याला नवं नाव देतो, काइम्यो. ते नाव समाधीवर कोरतात आणि मंदिराच्या वहीत लिहितात. कोगान-जीच्या वहीत देवमाशांना काइम्यो दिलेली आहेत. मृत्यूची तारीख, आणि नाव. माणसाला देतात तसं.

वही काही मला उघडून दाखवली नाही, आणि दाखवली असती तरी ती लिपी मला वाचता आली नसती. पण ज्याला खाल्लं त्याला नाव देणं, याहून मोठा आदर मला सुचत नव्हता. परतीच्या गाडीत मी या विषयावर एक भारावलेली पोस्ट लिहायला घेतली होती. ती पूर्ण झाली नाही, ते बरं झालं.

कारण तपशील तपासायला म्हणून मी जपानमधल्या मांसाहाराचा इतिहास वाचायला लागलो. सम्राट तेम्मूने 675 साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली, तीही वर्षातले शेतीचे महिने. पुढे बौद्ध विचार आणि शिंतोतली विटाळाची कल्पना यांच्या मिश्रणातून चार पायांचं खाणं हे हलकं काम ठरलं. लोक खातच होते, नावं बदलून. रानडुकराला 'बोतान' म्हणजे पिओनीचं फूल, घोड्याला 'साकुरा', हरणाला 'मोमिजी' म्हणजे मेपलचं पान. रानडुकराला 'डोंगरातला देवमासा'ही म्हणत, म्हणजे मासाच की तो. हिरोशिगेच्या 1858च्या एका बर्फाच्या चित्रात अशा दुकानाची पाटी ठळक दिसते. शेवटी 1872 साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि मांस खाणं आधुनिक ठरलं.

हे सगळं गमतीचं आहे. पण बाराशे वर्षं चामडं लागतच होतं. चिलखतं, घोड्यांची खोगिरं, ताइको ढोल. जनावरं मरत होती, त्यांना ओढून न्यावं लागत होतं. हे कोण करत होतं?

मराठी वाचकाला मी उत्तर सांगायला नको. ठरावीक वस्त्यांमधली, ठरावीक घराण्यांतली माणसं करत होती आणि त्या कामाचा विटाळ त्यांना कायमचा चिकटलेला होता. 1871 साली कायद्याने तो भेद संपला, वस्त्या राहिल्या, म्हणून नाव पडलं बुराकुमिन, वस्तीतले लोक. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी, मार्च 1922मध्ये, त्यांनी क्योतोत 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. आणि 1975 साली असं उघडकीस आलं की या वस्त्यांच्या पत्त्यांची यादी गुपचूप विकली जात होती आणि नोकरीला माणसं घेण्याआधी तपासायला कंपन्या ती विकत घेत होत्या. एक लुकअप टेबल, दुसरं काही नाही. मी दिवसभर तशीच टेबलं बनवतो.

ज्या गोष्टींवर आपण जपानची सौंदर्यदृष्टी म्हणून भाळतो, त्यांतही हे लोक आहेत. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासाचा आवडता बागकार होता झेन्आमी. तो 'कावारामोनो' होता, नदीकाठचा माणूस. नदीकाठी राहणारे, कातडी कमावणारे, दगडमाती वाहणारे ते कावारामोनो. क्योतोच्या गिन्काकु-जीच्या बागेशी त्याच्या मुलाचं आणि नातवाचं, माताशिरोचं नाव जोडलं जातं. एका झेन भिक्षूच्या रोजनिशीत 1489 सालची एक नोंद आहे. मातासिरो नव्हे, माताशिरो त्याला सांगतो की जनावरं मारणाऱ्या घरात जन्मलो याचं मला फार दुःख आहे, म्हणून मी कुठल्याच जिवाला मारायचं नाही असं ठरवलं आहे. ही नोंद वाचून मी लॅपटॉप मिटला. ज्यांनी त्या चामड्याची चिलखतं घातली त्यांना दुःख नव्हतं. ते सगळं दुःख या बागकाराच्या वाट्याला आलं होतं.

आणि मग काइम्यो. देवमाशांची सुंदर नावं मी डोक्यात घेऊन फिरत होतो ना, त्याच प्रथेत काही मंदिरांनी बुराकुमिन माणसांना दिलेली मरणोत्तर नावं सापडली. त्यांत 'पशू' या अर्थाचं अक्षर आहे. 'चामडं' आहे. दगडावर कोरलेलं, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पिढीला वाचता यावं असं. 1979 साली प्रिन्स्टनला भरलेल्या एका जागतिक धर्मपरिषदेत एका ज्येष्ठ जपानी बौद्ध प्रतिनिधीने आमच्याकडे असा भेदभाव नाहीच असं सांगितलं, त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि त्यानंतर त्याच्या सोतो पंथाला आपल्या मंदिरांतली ही नावं शोधून, कबूल करून, माफी मागावी लागली.

एकाच धर्मात, एकाच प्रकारच्या वहीत, देवमाशाला माणसाचं नाव होतं आणि माणसाला पशूचं.

हे फक्त जपानचं ढोंग आहे असं मी म्हणणार नाही, मला ते म्हणायचा अधिकार नाही. मला एवढंच कळलं की मेलेल्याचे आभार मानणं तुलनेने सोपं असतं. मासा उत्तर देत नाही. तो शेजारी घर मागत नाही, मुलगी मागत नाही, नोकरी मागत नाही. त्याला दगड दिला की आपल्याकडून फिटलं. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस सुरी घेऊन उभा असतो, आणि 'इतादाकिमासु' म्हणताना आपली नजर बरोबर त्याला ओलांडून ताटाकडे जाते. विल्यम्सच्या भाषेत म्हणायचं, तर बाकी आपली असते, पण ती आपण त्याच्या खात्यावर लिहितो.

शिनागावा स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, काचेच्या ऑफिस इमारतींच्या मधोमध, तोक्योचा शिबाउरा कत्तलखाना आणि मांसबाजार आहे. मी रोज ज्या स्टेशनवर गाडी बदलतो, तिथेच. बाहेरून काही कळत नाही. आत एक छोटं माहितीकेंद्र आहे, तिथे कुणीही जाऊ शकतं. सुट्टी काढून गेलो. कामगारांच्या सुऱ्या आहेत, कामाच्या पायऱ्या समजावल्या आहेत. आणि एका बाजूला तिथल्या कामगारांना आलेली पत्रं लावली आहेत, अनोळखी लोकांनी लिहिलेली, शिव्यांची. माझं जपानी अजून कच्चं आहे, पण शिव्या कळायला फार व्याकरण लागत नाही. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण मांस खात असणार. जेवणाआधी हातही जोडत असणार.

तिथून बाहेर पडताना मला आमच्या गावची जत्रा आठवली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी बोकड पडायचा. आम्ही स्वतः कापत नसू. मुलाणी यायचे. सकाळपासून त्यांना उसंत नसायची, या घरून त्या घरी. पांढरी टोपी, बंडी, फडक्यात गुंडाळलेली सुरी. आमच्या परसात आले की आधी बोकडाच्या पाठीवर हात फिरवायचे, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचे, मग काम. आम्ही पोरं भिंतीआडून बघायचो. काम झालं की त्यांचा वाटा आणि चहा. त्यांचा कप वेगळा होता. गोठ्याच्या खिडकीत उपडा ठेवलेला असायचा, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. चहा पिऊन झाला की ते स्वतःच हौदावर विसळून परत तिथे ठेवायचे. आजोबा तेव्हा ओसरीत बसलेले असायचे, दुसरीकडे तोंड करून. माळ होती ना.

मला तो कप कधीच खटकला नव्हता. ही काही फार मोठी कबुली नाही, गावात कुणालाच तो खटकत नव्हता.

त्या रात्री वडिलांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, 'आपल्याकडं मुलाणी यायचे बघा जत्रंला, त्यांचं नाव काय होतं?'

वडील जरा थांबले. 'मुलाणीच म्हणायचे की सगळे.'

'तसं नाही. नाव.'

'नाव असंल की. आता...' मग आईला हाक मारून विचारल्याचा आवाज. तिलाही आठवेना. ते वारले म्हणाले, सात-आठ वर्षं झाली. मुलगा ष्टँडवर टेंपो चालवतो.

'त्याचं नाव काय?'

'त्याला धाकला मुलाणी म्हणतात,' वडील म्हणाले. मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. 'विचारतो उद्या. तुला कशाला पायजे पण?'

मी म्हटलं, असंच. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. पुढच्या फोनला पुन्हा विचारीन.